ओठांवरच्या मुंग्या आणि पाच लिटरचा कॅन

दात घासत होते आणि वाटलं पेस्ट झोंबतेय. वरच्या ओठाभोवती बारीक चुणचुण, दाताच्या डॉक्टरकडची भूल उतरताना होते ना तशी. थायरॉइडचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, आदल्या संध्याकाळीच डिस्चार्ज मिळालेला, गळ्याला पट्टी, म्हटलं अशक्तपणा असेल. चहा होईपर्यंत बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या आणि दुपारी जेवायला बसले तर उजव्या हाताचा अंगठा आपोआप आत वळला, बाकीची बोटं एकमेकांना चिकटून ताठ, चिमटीत मीठ धरावं तशी, आणि डाव्या हाताने ती सोडवायला गेले तर सुटेनात. सासूबाई म्हणाल्या वात आला, तेल गरम करायला गेल्या. लेक तेव्हा पंधरा वर्षांची, तिने मोबाइलवर काय बघितलं कोण जाणे, सरळ म्हणाली, "आई, चप्पल घाल, मी रिक्षा आणते."

कॅज्युअल्टीत सिस्टरने बीपी बघायला पट्टा बांधला, फुगवून ठेवला आणि दोन मिनिटांत माझा हात परत तसाच वळला. बाजूचा तरुण डॉक्टर जवळजवळ खूश झाला, "मॅडम, हे आम्ही फक्त पुस्तकात बघतो!" आणि मग माझ्या नवऱ्याचा चेहरा बघून गप्प बसला. कॅल्शियम आलं ६.६. नॉर्मल साधारण ८.५ ते १०.५. ईसीजीच्या वायरी लावून शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, अगदी हळू, कारण भसकन दिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते आत जाताना अंगातून एक गरम लाट जाते, ती मला अजून आठवते. दहा-पंधरा मिनिटांत बोटं उघडली. मी रडले, दुखत होतं म्हणून नाही, हात माझं ऐकायला लागला म्हणून.

एक गोष्ट मनात राहिलीय ती बोलून टाकते. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियमची गोळी लिहिलेली होती, नाही असं नाही, पण पेनकिलर आणि ॲसिडिटीच्या गोळीच्या मध्ये १-०-१ अशी, आणि आपल्याकडे कॅल्शियमची गोळी म्हणजे काय, टॉनिक! बायकांनी चाळिशीनंतर खायची, विसरली तर विसरली. मी पहिल्या रात्रीची घेतलीच नव्हती, गिळताना घसा दुखत होता म्हणून. "ओठाला किंवा बोटांना मुंग्या आल्या तर थांबू नका, या" एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर दुपारपर्यंत वाट बघितली नसती.

तर झालं काय होतं. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, एकेक मसुराच्या डाळीएवढी, रंग असा पिवळट तपकिरी की आजूबाजूच्या चरबीत हरवून जावा. नावात थायरॉइड आहे पण कामाचा काही संबंध नाही, फक्त शेजारी राहतात. त्यांचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. थायरॉइड काढताना यातली एखादी सोबत निघून जाऊ शकते, पण बऱ्याचदा ग्रंथी जागेवरच राहते आणि तिचा रक्तपुरवठा दुखावतो, तो केसासारख्या बारीक नसांचा असतो. म्हणून मी सर्जनवर राग धरून बसले नाही. माझी गाठ मोठी होती, मागे चिकटलेली, दोन्ही बाजूंचं थायरॉइड काढावं लागलं. एक ग्रंथी निळसर पडलेली दिसली तेव्हा त्यांनी ती काढून, बारीक तुकडे करून मानेच्याच स्नायूत खोचून ठेवली, रुजेल म्हणून. माझ्या आईला हे फार आवडलं, ती सगळ्यांना फोनवर सांगायची, "कुंडी बदललीय, तुळशीसारखी, धरेल हळूहळू."

नाही धरली. पुष्कळ लोकांचं कॅल्शियम ऑपरेशननंतर काही दिवस किंवा आठवडे खाली जातं आणि मग ग्रंथी शुद्धीवर येतात, गोळ्या सुटतात. थोड्यांच्याच वाट्याला हे कायमचं येतं. सहा महिने उलटले तरी पीटीएच, म्हणजे या ग्रंथींचं हार्मोन, उठलं नाही तर मग डॉक्टर साधारण कायमचं म्हणतात. माझं पीटीएच ऑपरेशननंतर ६ होतं आणि सहा महिन्यांनी ५, नॉर्मल १५ ते ६५. रिपोर्ट घेऊन बाहेर आले, दादरला उतरून फुलगल्लीतून उगाचच एक चक्कर मारली आणि शेवंतीचा एक गजरा घेऊन घरी आले.

या ग्रंथींचा इतिहास वाचताना एक भारी गोष्ट सापडली. त्या पहिल्यांदा माणसात नाही दिसल्या, गेंड्यात दिसल्या! लंडनच्या प्राणीसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा मेला आणि रिचर्ड ओवेन नावाच्या शास्त्रज्ञाने तो चिरला, १८५०च्या आसपासची गोष्ट, तेव्हा त्याला थायरॉइडला चिकटलेली ही छोटी पिवळट ग्रंथी दिसली. माणसात ती नीट दाखवली इवार सँडस्ट्रॉमने, १८८० साली, स्वीडनमधला मेडिकलचा विद्यार्थी. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे गेंड्याची कातडी असली तरी कॅल्शियम लागतंच." त्याचे जोक असेच असतात.

आता रोजचं. ग्रंथी काय करायच्या ते आधी सांगते, म्हणजे मी काय करते ते कळेल. पीटीएच रक्तात दोन-चार मिनिटं टिकतं, संपलं की नवीन सुटतं, म्हणजे कॅल्शियम मिनिटामिनिटाला मोजलं जात होतं आणि आपल्याला पत्ता नाही. ते हाडांना सांगतं थोडं सोड, किडनीला सांगतं कॅल्शियम लघवीवाटे घालवू नकोस, फॉस्फरस मात्र घालव, आणि वर ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप दे, म्हणजे आतडं अन्नातून कॅल्शियम ओढेल. हे सगळं बंद. त्यामुळे नुसतं कॅल्शियम खाऊन भागत नाही, आतडं ते नीट घेत नाही, सोबत कॅल्सिट्रिऑल लागतं, ते कामाच्या रूपात आलेलं ड जीवनसत्त्व.

इथे एक मोठा घोळ होतो म्हणून नीट लिहिते. आपल्याकडे कोणालाही ड जीवनसत्त्वाचं साशे देतात ना, आठवड्यातून एकदा, साठ हजार युनिटचं, ते वेगळं आणि कॅल्सिट्रिऑल वेगळं. साशेतलं कच्चं असतं, ते किडनीत तयार व्हावं लागतं आणि ते करायचा हुकूम पीटीएच देतं, जे माझ्याकडे नाही. एकदा आमच्याकडच्या एका मेडिकलवाल्याने कॅल्सिट्रिऑल संपलंय म्हणून साशे काढून दिलं, "सेम आहे ताई, डी-थ्रीच आहे", आणि मी घेऊन आले. चौथ्या दिवशी ओठ चुणचुणायला लागले. तेव्हापासून महिनाभराचा जास्तीचा साठा घरात असतोच, गणपतीत, दिवाळीत तर नक्की.

कॅल्शियमच्या गोळीवर पण दोन आकडे असतात, तेही मला वर्षभर कळले नव्हते. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ म्हणजे खरं कॅल्शियम ५००, बाकी कार्बोनेटचं वजन. सायट्रेट असेल तर खरं कॅल्शियम एक पंचमांशच्या जरासं वर, म्हणजे हजाराच्या गोळीत दोनशेच्या आसपास. गोळीचा ब्रँड बदलला आणि मी आकडा बघून "तेवढीच आहे" म्हणत अर्ध्याहून कमी कॅल्शियम खात होते! कार्बोनेट जेवणासोबतच घ्यायचं, त्याला पोटातलं ॲसिड लागतं, आणि ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर ते नीट लागत नाही, तिथे सायट्रेट बरं.

माझं वेळापत्रक असं. पहाटे साडेपाचला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, कारण थायरॉइडही गेलंय. तिच्यानंतर कॅल्शियम चार तास नाही, नाहीतर ते तिला धरून बसतं आणि ती अंगाला लागत नाही. म्हणजे कॅल्शियम साडेनऊला. साडेनऊला मी कुठे असते तर भांडुपहून निघालेल्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, बसायला मिळालं तर मांडीवर डबा उघडून पोळीभाजीचे चार घास आणि गोळी, नाही मिळालं तर उभ्याने थालीपीठ आणि गोळी. मोबाइलचा गजर वाजला की डब्यातली कोणीतरी म्हणतेच, "चला, हिचा नैवेद्य." दुपारी ऑफिसात दुसरी, रात्री जेवताना तिसरी, कॅल्सिट्रिऑल सकाळ-संध्याकाळ. आकडे मुद्दाम देत नाही, माझा डोस माझ्या रिपोर्टवरचा आहे, कोणी उचलून वापरू नका प्लीज.

मागच्या वर्षीच्या जुलैतलं सांगते. सकाळपासून धो धो, पण ऑफिसात महिनाअखेर म्हणून निघाले, आणि कुर्ला सोडून सायनच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी. साडेनऊचा गजर वाजला आणि पर्समध्ये हात घातला तर डबी नाही, आदल्या दिवशी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिलेली. साडेअकरापर्यंत ओठ सुरू झाले. मग मी घाबरले आणि घाबरल्यावर मी धापा टाकायला लागले आणि मग दोन मिनिटांत दोन्ही हात बधिर, पायाला गोळा, मला वाटलं इथेच वळणार सगळं. एकीने "शुगर लो झाली" म्हणून पार्ले-जी दिलं, एकीने इलेक्ट्रल. खिडकीत बसलेल्या एक मावशी होत्या, पायाशी भाजीची पिशवी, त्यांनी मला ओढून आपल्या जागेवर बसवलं आणि म्हणाल्या, "एवढा दम नको टाकू गं, हळू घे, माझ्याबरोबर घे." आणि खरंच माझा हात धरून त्या मोठमोठ्याने श्वास घेत राहिल्या, अख्खा डबा बघतोय. पाचेक मिनिटांत बोटं निम्मी मोकळी झाली. नंतर डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या मावशी बरोबर होत्या. भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त जरा अल्कलीकडे झुकतं आणि मग रक्तातल्या प्रथिनाला, अल्ब्युमिनला, जास्त कॅल्शियम चिकटून बसतं, मोकळं कॅल्शियम कमी पडतं. नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, चालतं ते मोकळंच. म्हणजे भीतीने कॅल्शियम खरोखर घसरतं! त्या दिवशी शेवटी रुळांवरून चालत सायनला आले, स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून चघळायच्या कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या आणि तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून खाल्ल्या. आता डबी तीन ठिकाणी असते. पर्स, ऑफिस आणि लेकीच्या सॅकमध्ये. कॉलेजात तिला एकीने विचारलं म्हणे, तू एवढ्या लहान वयात गोळ्या खातेस?

पण प्रत्येक मुंगी कॅल्शियमची नसते, आणि हा धडा मला महागात पडला. त्या लोकलनंतर मी इतकी धसकले की जरा कुठे चुणचुणलं की गोळी. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या आल्या तरी गोळी. त्यात सासूबाईंचा चुना. त्या मालवणच्या, त्यांचं म्हणणं, "गव्हाच्या दाण्याएवढो चुनो ताकातसून घे गो, हाडां घट्ट होतली." मी हो हो म्हणत आठवडाभर घेतला पण. महिन्याभराने तहान इतकी की रात्री तीनदा उठून पाणी, बद्धकोष्ठ, मळमळ, डोकं जड, आणि मला वाटतंय कॅल्शियम कमी झालं म्हणून अजून एक गोळी. रिपोर्ट ११.६, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा, तोही वर सरकलेला. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. कमी झालं तर शरीर ओरडून सांगतं, जास्त झालं तर गुपचूप किडनी खातं, असं म्हणाल्या, आणि आठवडाभर सगळं बंद करून भरपूर पाणी आणि दिवसाआड रक्त तपासणी. चुना मोजता येत नाही आणि तो तोंड, अन्ननलिका भाजतो ते वेगळंच. सासूबाईंना समजावताना मी म्हटलं, आई, हे हाडांचं दुखणं नाहीच, नसांचं आहे. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण चुन्याची डबी त्यांनी आपल्या पानाच्या पेटीत परत ठेवली.

तेव्हा डॉक्टरांनी मला ते सांगितलं जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आपल्याला नॉर्मलच्या मध्यात जायचंच नाहीये. किडनीला "धरून ठेव" म्हणणारं पीटीएच नाही, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम जेवढं वर नेऊ तेवढं ते लघवीत सांडतं, मग खडे, मग किडनी. म्हणून नॉर्मलच्या खालच्या कडेला, नाहीतर कडेच्या जरासं खाली, आणि मुंग्या नाहीत, एवढंच बघायचं. माझी जागा ८.१ ते ८.५. लॅबवाले प्रत्येक वेळी ठळक अक्षरात लो छापतात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट टाकला की नणंदेचा फोन येतो. एकदा आयनाइज्ड कॅल्शियम केलं होतं, मोकळं कॅल्शियम म्हणजे, त्याचा आकडा आला १.०८. ते दुसऱ्या एककात मोजतात, नॉर्मल साधारण १.१ ते १.३. नवऱ्याने ८.५ मधून १.०८ वजा केले आणि पांढरा पडला.

सांडतंय किती ते बघायला चोवीस तासांची लघवी गोळा करतात. लॅबवाले पाच लिटरचा पांढरा कॅन देतात. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून घड्याळ सुरू, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी त्यात. वन बीएचकेमध्ये हा कॅन ठेवायचा कुठे हा प्रश्न ज्याला पडलाय त्यालाच माहीत. पहिल्या खेपेला रविवार बघून सुरू केलं आणि नेमका दुपारी भाऊ बायकोमुलांना घेऊन आला, न सांगता. बाथरूममधून भाचा ओरडला, "आत्या, इथे फिनेल ठेवलंय का गं?" कॅल्शियम निघालं ३४०, बाईसाठी अडीचशेच्या आत बरं. मग कॅल्शियम थोडं कमी केलं, थायाझाइडची छोटी गोळी सुरू झाली, ती किडनीला कॅल्शियम धरायला लावते, आणि मीठ कमी. मीठ का, तर सोडियम जिथून जातं तिथून कॅल्शियमला ओढून नेतं. हे आमच्या घरात सगळ्यात कठीण गेलं. मी सुकट, सुके बोंबील कॅल्शियमसाठी म्हणून आवडीने खात होते आणि ते मिठात मुरलेले! आता सुकट महिन्यातून एकदा, भरपूर धुऊन. पापड, लोणचं जवळपास बंद. कोल्ड्रिंकही बंद, त्यातला फॉस्फरस माझ्या किडनीला नीट घालवता येत नाही. नाचणी मात्र आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम, सकाळचं आंबील नाहीतर भाकरी. पण नाचणीने गोळी सुटेल असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

मॅग्नेशियम हा एक छुपा खेळाडू. ते खाली गेलं की कॅल्शियम कितीही खा, उठत नाही. पावसाळ्यात पोट बिघडून तीन दिवस जुलाब झाले तेव्हा गोळ्या वेळेवर घेऊनही हात वळायला लागले, कारण गोळ्या आतड्यात थांबतच नव्हत्या आणि मॅग्नेशियमही वाहून गेलेलं. तेव्हापासून नियम, दोनपेक्षा जास्त जुलाब किंवा उलटी झाली, गोळी पोटात राहत नाही, की घरी बसायचं नाही, रक्त तपासायचं. आणि पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक कागद आहे, मराठी आणि इंग्रजीत, लेकीने सुवाच्य अक्षरात लिहिलेला: पॅराथायरॉइड काम करत नाही, बेशुद्ध किंवा झटके आले तर आधी कॅल्शियम तपासा.

इंजेक्शनचं विचारतात सगळे. मधुमेहाला इन्सुलिन तसं याला पीटीएच का नाही? आहे, पण सोपं नाहीये. टेरिपॅराटाइड हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात, ते आपल्याकडे मिळतं, पण ते काही तासांतच उतरतं. अमेरिकेत २०१५ मध्ये एक पीटीएचचं इंजेक्शन आलं आणि २०१९ मध्ये रबराचे कण सापडले म्हणून तिथे परत मागवलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये तिथे पॅलोपेगटेरिपॅराटाइडला परवानगी मिळाली, दिवसातून एकदा घ्यायचं, हळूहळू सुटणारं. मी डॉक्टरांना नाव दाखवलं तर त्या म्हणाल्या नाव पाठ केलंत हेच खूप आहे, तूर्तास गोळ्या चालू ठेवा.

गेल्या महिन्यातलं कॅल्शियम ८.३, फॉस्फरस ठीक, क्रिएटिनिन परत जागेवर. नणंदेचा फोन येऊन गेला. सोनोग्राफीत खडा नाही. डोळे तपासून झाले, याने मोतीबिंदू लवकर येऊ शकतो म्हणून वर्षातून एकदा. राहिली फक्त चोवीस तासांची तपासणी, कॅन आणून बाथरूमच्या माळ्यावर ठेवलाय, त्याच्यावर लेकीने मार्करने "फिनेल नाही" असं लिहिलंय. या रविवारी आमच्याकडे कोणी येऊ नका.